भट्टीत वितळलेली पणती

नागम्माच्या पुढ्यात दोन कामं होती आणि दोन्ही मळायचीच. एकीकडे माती, दुसरीकडे कणीक.

कणकेचं काम पक्कं होतं. लातूरला क्लासच्या पोरांसाठी मेस चालवणारा भीमाशंकर तिच्या नवऱ्याचा मावसभाऊ. त्यानं सांगून ठेवलं होतं, "वहिनी, सोमवारी या. राहायला खोली हाय, खायला मेसचंच. दोन टायमाच्या पोळ्या, दुसरं कायबी नको. पर येणार का न्हाई ते रविवारपत्तोर सांगा, न्हाईतर मला दुसरी बाई बगाय लागती." माणूस चांगला, बोलणं सरळ. त्याला नावं ठेवायला जागा नव्हती, आणि खरी अडचण तीच होती.

मातीचं काम मात्र अजून कच्चं होतं. ते पिकतं की फुटतं, हे शनिवारी सकाळी नांदेडला एक भट्टी उघडल्यावर कळणार होतं.

नागम्मा माहेरची बिदरकडची, सासर देवणी. जातीनं कुंभार, कामानंही कुंभार, आणि दोन्ही जुळणं हल्ली दुर्मीळच आहे. बाईनं चाकाला हात लावायचा नाही हा कुंभारवाड्यातला जुना नेम. बाईनं माती तुडवायची, चाळायची, मडकं हातातल्या थापीनं बडवून पातळ करायचं, आणि चाकावर बसून मान मिळवायचा तो पुरुषानं. नवरा गेला तेव्हा हा नेम मोडला तो नागम्मानं नव्हे, तिच्या सासूनं. धुरपताबाईनं दिवसकार्य झाल्यावर सुनेचा हात धरून तिला चाकासमोर बसवलं. शेजारीण म्हणाली, "लोक काय म्हणतील?" धुरपताबाई म्हणाली, "लोक मडकी घ्यायला यायलेत का? मंग म्हणू दे की."

लोक खरंच मडकी घ्यायला येत नव्हते. घरोघरी फ्रीज, लग्नात पाण्याचे जार. उन्हाळ्यात माठ खपायचे, दिवाळीत पणत्या, मधले महिने चाक भिंतीला टेकून उभं. मुलगा शिवम पुण्याला कंपनीत. तो फोनवर म्हणायचा, "आई, वीक ते चाक." नागम्मा म्हणायची, "घेणारा आन, विकते." घेणारा कुठून येणार?

अशात नांदेडहून निरोप आला. कुणा लुंबिनीबाईंनी अजून चाक चालवणाऱ्या कुंभारांना महिनाभर स्टुडिओत राहून काम करायला बोलावलं होतं. एका संस्थेनं त्याचा खर्च उचलला होता. ही लुंबिनी नांदेडचीच पोर. बाहेर जाऊन सिरॅमिकचं शिक्षण घेतलं, दोन-तीन शहरांत काम केलं आणि परत आली. वडील आनंदराज पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांनी गावाबाहेर घरासाठी घेतलेल्या प्लॉटवर पोरीनं पत्र्याचं शेड ठोकलं आणि गॅसची भट्टी बांधली. आनंदराज अजून भाड्याच्या घरात राहतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगतात, "माझ्या हॉलमध्ये भट्टी आहे."

त्या महिन्यात तिथे दोघंच टिकले. एक नागम्मा आणि दुसरा इस्लापूरचा रामकिशन, साठी उलटलेला, तोंडानं फाटका, हातानं पक्का. लुंबिनीनं पहिल्याच दिवशी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. नांदेडच्या एका मोठ्या हॉटेलला हातानं घडवलेल्या ताटल्या हव्या आहेत. लातूरच्या एका सभागृहाला भिंतीवर लावायला मातीकाम हवं आहे. एकटीनं होणार नाही. महिना संपल्यावर एका माणसाला ती कायमचं कामावर घेणार. "आणि एक नियम," ती म्हणाली, "माझ्या भट्टीत मला सांगितल्याशिवाय काही ठेवायचं नाही. काडीसुद्धा नाही."

पहिले आठ-दहा दिवस नागम्माला रडू यायचं बाकी होतं. स्टुडिओची माती पांढुरकी, लोण्यासारखी. खडा नाही, कस नाही. तिनं बोटांत चुरडून रामकिशनला म्हटलं, "दात नसल्यावानी माती हाय ही." आणि घडवायचं काय, तर ताटल्या! सात पिढ्यांत कुणी सपाट वस्तू केली नव्हती. कुंभाराचं सगळं गोल, पोटाचं, पाणी धरणारं. तिच्या ताटल्या वाळल्या की कडा वर यायच्या आणि मधे भेग जायची.

लुंबिनी गोड बोलणारी नव्हती. उगाच 'वा, काय पारंपरिक' म्हणून गेली असती तर नागम्मा जिथल्या तिथेच राहिली असती. ती ताटली टेबलावर ठेवायची, बोटानं टिचकी मारायची आणि म्हणायची, "नागम्माताई, ही डुलते. यावर वरण वाढलं तर गिऱ्हाइकाच्या मांडीवर जाईल. तळ दाबून घ्या. मधून बाहेर, परत बाहेरून आत. माती दाबली नाही तर ती वाळताना आपल्या मनानं ओढते." नागम्माला आयुष्यात कुणी 'असं कर' म्हणून सांगितलं होतं, 'असं का' हे कुणी सांगितलं नव्हतं. नवऱ्यानं नाही, बापानं तर नाहीच. ती तळ दाबायला शिकली. ताटल्या डुलायच्या थांबल्या. संध्याकाळी एक ताटली टेबलावर ठेवून तिनं चारी कडांवर बोट दाबून पाहिलं. ताटली जागची हलली नाही. त्या दिवशी भाकरी दोन घास जास्त गेली.

आता खऱ्या गोष्टीकडे यायला हवं.

धुरपताबाईच्या घरात एक रीत होती. भट्टी रचायची तेव्हा सगळ्यात आधी आत जायची ती घरातल्या मोठ्या माणसाच्या हातची एक कच्ची पणती, देवणीच्या तळ्याच्या गाळाची. मग बाकीचा माल. भट्टी निवली की तीच पणती आधी काढायची, तिच्यात तेलवात घालून भट्टीपुढे लावायची, आणि मग तळ्याला परत द्यायची. ही पणती गेली नाही अशी एक भट्टीही धुरपताबाईला आठवत नव्हती. सून नांदेडला निघाली तेव्हा म्हातारीनं भाकरीच्या फडक्यात भाकरीबरोबर एक पणती बांधून दिली. "भट्टी कुणाची बी असू दे. आपल्या तळ्याचा दिवा आत गेला पाह्यजे. विसरलीस तर बग."

नागम्मा विसरली नाही. विचारलंही नाही. शेडमध्ये बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो होता, देव नव्हता. लुंबिनी असल्या रीतींना हसेल असं तिच्या मनानं परस्पर ठरवून टाकलं. शेवटची मोठी भट्टी रचून झाली, दार विटांनी लावायचं तेवढं राहिलं. लुंबिनी गॅसचं सिलिंडर बघायला बाहेर गेली आणि नागम्मानं पदराखालून पणती काढून वरच्या भाजीव मातीच्या फळीवर मागच्या कोपऱ्यात सरकवली. एवढीशी पणती. कुणाचं काय घेते? माती भट्टीत जाते ती भाजायलाच.

घरची भट्टी लाकूड आणि गोवऱ्यांची, मडकी लाल होऊन बाहेर येण्यापुरती तापणारी. लुंबिनीची भट्टी तिच्या दीडपट तापायची. आणि देवणीची लोहाची तांबडी माती तेवढा ताव सोसत नाही. हे पुस्तकात असतं. नागम्मानं तर माती फुटलेली पाहिली होती, तडकलेली, काळी पडलेली, कच्ची राहिलेली पाहिली होती. माती वितळते हे तिच्या सात पिढ्यांत कुणी पाहिलं नव्हतं.

शनिवारी सकाळी दाराच्या विटा काढल्या. आधी नागम्माच्या ताटल्या बाहेर आल्या. एकूण एक सपाट. लुंबिनीनं टिचकी मारली, घंटेसारखा आवाज आला. "जमलं हो नागम्माताई," ती म्हणाली. तिच्या तोंडून हे म्हणजे फारच झालं. नागम्माच्या डोळ्यांसमोरून मेसची ती कणकेची परात दूर गेली.

मग खालच्या फळीवरची रामकिशनची बरणी काढायला गेले, तर ती निघेना. फळीला चिकटलेली. पांढऱ्या बरणीच्या खांद्यावरून काहीतरी गडद तपकिरी ओघळून खाली साचलं होतं.

"आरं, हे काय व्हय?" रामकिशन वाकून म्हणाला. "कुत्रं मुतलं का माझ्या बरणीवर?"

लुंबिनीला हसू आलं नाही. बरणी छिन्नीनं सोडवावी लागली, तिचं बूड गेलं, फळीचा टवका उडाला. "मामा, तुम्ही चकाकीच्या ग्लेझमध्ये दोनदा बुडवलीत ना? मी सांगत होते, लेप जाड झाला की ओघळतो."

रामकिशननं डोकं खाजवलं. "बुडवली असंल बाई. मी काय ध्यानात ठेवून राहिलो का? चुकलं असंल माझंच."

बस. मिटलं होतं. म्हाताऱ्यानं चूक अंगावर घेतली होती, लुंबिनीनं ती मानली होती, आणि ताटल्या टेबलावर चमकत होत्या. नागम्मानं गप्प राहायचं, एवढंच काम होतं. जगात पुष्कळ माणसं एवढं काम सहज करतात आणि रात्री झोपतातही.

नागम्मानं वरच्या फळीच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे पणती नव्हती. चकाकणारं एक तपकिरी डबकं होतं, आणि त्याचा एक ओघ कडेवरून खाली गेला होता.

"मामानं न्हाई," ती म्हणाली. मग कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "मामानं कायबी केलं न्हाई. मी पणती ठेवली होती वर. तळ्याच्या मातीची."

लुंबिनीनं हातातली छिन्नी खाली ठेवली.

"का?" लुंबिनीनं विचारलं.

"आमच्यात ठेवतेत. सासूनं दिली होती."

"मला विचारायला तोंड नव्हतं तुम्हाला?"

"होतं. तुमी हसला असता."

"हसले असते! आणि खाली एक ताटली ठेवून दिली असती, म्हणजे वितळली तरी ताटलीत राहिली असती. एवढंच करायचं होतं. सांगितलं होतं ना, काडीसुद्धा नाही म्हणून?" तिनं टवका उडालेली फळी हातात घेतली, उलटसुलट पाहिली, खाली ठेवली आणि शेडमधून निघून गेली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

नागम्मानं पिशवी भरली. रामकिशन म्हणाला, "अक्का, थांब की. रागात माणूस काय बी करून राहतं. गप बसली असतीस तर काय बिघडलं असतं? मी तर घेतलंच होतं अंगावर."

"तुमच्या बरणीचं बूड गेलं मामा."

"माझं तर न्हाई ना गेलं!"

तिला हसू आलं आणि रडूही. ती स्टँडवर गेली, उदगीरची गाडी धरली, तिथून देवणी. वाटेतच भीमाशंकरला फोन करून सांगितलं, सोमवारी येते. तो खूश झाला. पोळपाट नवा आणलाय म्हणाला.

घरी धुरपताबाईनं सगळं ऐकून घेतलं. ती रागावली नाही. तिला मुळात पटतच नव्हतं. "माती वितळती? गूळ हाय व्हय ती?"

"डोळ्यांनी बगितलं आत्या. पाणी पाणी झाली."

"रंग कसला आला?"

नागम्माला राग आला. इथं पोटाचं काम गेलं आणि म्हातारी रंग विचारायली! पण विचारलं म्हणून आठवावं लागलं, आणि आठवलं तसं ते दिसलं. "काकवीवानी. जाड हाय तितं काळपट, पातळ हाय तितं सोन्यावानी. चकचकीत."

"मंग वाईट कामून म्हणलीस?" धुरपताबाई म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

रविवारी दुपारी गल्लीत एक जुनी व्हॅन आली. आतून लुंबिनी उतरली, मागून रामकिशन, हातात बूड गेलेली ती बरणी पोरगं धरावं तशी धरलेली. गल्लीतल्या बाया दारात आल्या. धुरपताबाईनं उंबऱ्यावरूनच विचारलं, "कुणाची गं तू?"

"नांदेडच्या आनंदराज पोस्टमनची. बौद्धाची," लुंबिनी म्हणाली. विचारायचं ते आडून विचारू नये म्हणून तिनं आधीच सांगून टाकलं.

धुरपताबाईनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिनं वीस वर्षांपूर्वीही पुढचं वाक्य म्हटलं असतं असं लिहिणं खोटं होईल. त्या काळी तिनं अंगणात घोंगडं टाकलं असतं आणि पाणी वरून ओतलं असतं. पण माणूस म्हातारपणी बदलतं, गरजेपोटी बदलतं, सुनेच्या तोंडाकडे बघून बदलतं. कारण काही असो, बदलतं. "जेवून आलीस का उपाशी हाईस?" ती म्हणाली, आणि लुंबिनी चुलीपाशी जाऊन बसली. भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. मागून दोनदा वाढून घेतली तिनं.

जेवण झाल्यावर तिनं बरणी पुढे ओढली. "बघा हे. मी दहा वर्षं डब्यातलं ग्लेझ विकत घेते. सगळे घेतात, नांदेडची ताटली आणि दुसरीकडची ताटली एकाच रंगाची. आणि हा रंग तुमच्या तळ्यात पडलाय. मी शिकले होते हो, की काही मातीचं असं ग्लेझ होतं. पुस्तकात वाचलं आणि विसरले. मला दोन गोष्टी हव्या आहेत. एक, तळ्याचा गाळ, पोत्यानं. दुसरं, तुम्ही."

नागम्मा जमिनीकडे बघत म्हणाली, "गाळ तर कुणी बी आणून दील. मामा देतील."

"गाळासाठी तुम्हाला बोलवत नाही. भट्टीपाशी चुकणारं माणूस मला चालतं. लपवणारं चालत नाही."

"लपवली तर होतीच की मी."

"हो. पण तुम्हाला पचली नाही," लुंबिनी म्हणाली. "आणि रागावले होते ते रागावले होते, त्याची माफी मागत नाही. फळी महाग असते."

"मागू नका," नागम्मा म्हणाली. तिला एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

तिला एकच काटा होता. ती रामकिशनकडे वळली. "मामा, तुमचं काम—"

"माझं काय? मला तिथं महिनाभर झोप लागली न्हाई, गाड्या कोकलून राहिल्या रातभर. पोरीला मी कालच सांगितलं, बरण्या म्हणशील तेवढ्या इस्लापुरातून करून पाठवतो, पर मला सोड." मग तो धुरपताबाईला म्हणाला, "चटणी बांधून द्या म्हणजे फिटलं."

भीमाशंकरला फोन करायचा तेवढा राहिला. नागम्माला वाटलं, आता हा बोलणार. तो म्हणाला, "नवा पोळपाट आणला ना वहिनी मी!" मग म्हणाला, "बरं झालं. दादाचं चाक बंद पडलं न्हाई. दिवाळीला मेसला पणत्या पाठवा." असली माणसं मिळायला नशीब लागतं, आणि नागम्माला ती घाऊक मिळाली.

पुढचं सगळं सरळ झालं असं नाही. पहिल्या खेपेला तळ्याच्या मातीचा लेप बुंदीसारखा फुगला. दुसऱ्या खेपेला सोलून निघाला. गाळ किती चाळायचा, किती दिवस निथळू द्यायचा हे नागम्माच्या हातानं शोधलं आणि किती ताव द्यायचा ते लुंबिनीच्या पुस्तकानं. दोघींची त्यावरून भांडणं होतात, चांगली मोठ्यानं. आनंदराज तेवढ्यात चहा घेऊन येतात. नांदेडच्या त्या हॉटेलात आता काकवीच्या काठाच्या ताटल्या आहेत. लातूरच्या सभागृहाच्या भिंतीवर तळ्यासारखं मातीकाम आहे, आणि खाली दोन नावं आहेत, लुंबिनीचं आणि नागम्माचं. उद्घाटनाला भीमाशंकर मेसची पोरं घेऊन आला होता. शिवमनं फोटो पाहून फोन केला, "आई, चाक विकू नको." ती म्हणाली, "तुला कुणी विचारलं?"

लुंबिनीच्या भट्टीत आता प्रत्येक वेळी सगळ्यात आधी धुरपताबाईची पणती जाते, खाली ताटली ठेवून. लुंबिनी स्वतः विचारते, "आजींची आली का?" ती आल्याशिवाय माल रचत नाही, आणि देवावर अजूनही तिचा विश्वास नाही. पणती दर वेळी वितळते. ताटलीत गोल चकाकणारं तळं तेवढं उरतं.

पहिली तशी ताटली नागम्मा देवणीला घेऊन गेली तेव्हा तिला जरा धाकधूकच होती. रीतीप्रमाणे पणती लावायची असते, आणि इथे पणतीच नव्हती. धुरपताबाईनं ताटली उजेडात धरली, नखानं खरवडून पाहिली, मग तिच्यातच तेल ओतलं, वात टाकली आणि काडी ओढली. वात लागली. खालचं तळं आतून पिवळंधमक झालं.

दोघी बघत बसल्या. नागम्माला म्हणायचं होतं, आत्या, तुम्ही चाकासमोर बसवलं नसतं तर, पणती बांधून दिली नसती तर. पण असलं बोलायची त्या घरात पद्धत नाही. तिनं वात थोडी पुढे सारली.

बऱ्याच वेळानं धुरपताबाई वाकून तेल बघत म्हणाली, "आपली पणती निम्मं तेल आपणच पिती. ही थेंब बी पिईना गं."

"ग्लेझ हाय ते आत्या. शोषत न्हाई."

"मंग तुझ्यापरीस बरी," धुरपताबाई म्हणाली. "आल्यापासून तीन कप च्या प्यालीस."